साखळीत अजिंक्य राहिलेला संघ बाद फेरीत का हरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साखळीत एकही सेट न गमावणारा संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडतो आणि गटात चौथा आलेला संघ सुवर्णपदक घेऊन जातो. याला नशीब म्हणायचं, की बाद फेरीत व्हॉलीबॉलच वेगळा खेळला जातो? आणि वेगळा खेळला जात असेल, तर बघणाऱ्याला ते कळावं कसं?

वेगळाच खेळला जातो, आणि कुठे बघायचं ते ठाऊक असेल तर कळतंही. मी बरीच वर्षं बेसलाइनमागे लॅपटॉप घेऊन आकडे भरण्याचं काम केलं, नंतर बेंचवर प्रशिक्षक म्हणून बसलो. त्या दोन्ही जागांवरून जे दिसलं त्याच्या आधारावर लिहितो.

प्रश्नातलं वर्णन २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधल्या महिला स्पर्धेला तंतोतंत लागू पडतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ब्राझील सलग दोन ऑलिंपिकचा विजेता होता, खेळत होता घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि गटातले पाचही सामने त्यांनी ३-० असे जिंकले होते. चीन दुसऱ्या गटात नेदरलँड्स, सर्बिया आणि अमेरिका या तिघांकडून हरून चौथा आला होता. उपांत्यपूर्व फेरीत दोघांची गाठ पडली. पहिला सेट ब्राझीलने २५-१५ असा घेतला आणि सामना तासाभरात आटोपणार असं सगळ्यांना वाटलं. तो चीनने पाचव्या सेटमध्ये १५-१३ असा जिंकला. मग उपांत्य सामन्यात नेदरलँड्सला ३-१ हरवलं. त्यातला प्रत्येक सेट दोन गुणांच्या फरकाने संपला. अंतिम सामन्यात सर्बियाला ३-१. गटात ज्यांच्याकडून मार खाल्ला, त्यातल्या दोघांना बाद फेरीत परत गाठून हरवलं. १९८४मध्ये खेळाडू म्हणून सुवर्णपदक जिंकलेल्या लांग पिंग आता प्रशिक्षक म्हणूनही सुवर्णपदक विजेत्या झाल्या.

याला योगायोग म्हणता येत नाही, कारण २०२१मध्ये टोकियोत पुरुषांच्या स्पर्धेत फ्रान्सनेही हेच केलं. पाचपैकी तीन सामने हरून गटात चौथे, मग पोलंडवर पाच सेटमध्ये विजय, अर्जेंटिनावर ३-० आणि अंतिम सामन्यात रशियन संघावर ३-२. २०१२च्या लंडनमध्ये ब्राझीलच्या महिलाही गटात चौथ्या होत्या, आणि उपांत्यपूर्व सामन्यात रशियाविरुद्ध सहा मॅच पॉइंट वाचवून पाचवा सेट २१-१९ असा जिंकत त्या पुढे सुवर्णपदकापर्यंत गेल्या.

साखळीत बारापैकी आठ संघ पुढे जाणार असतात तेव्हा चांगल्या संघाला एखादी हार परवडते. प्रशिक्षक राखीव खेळाडूंना उतरवून बघतो, दुखऱ्या खांद्याला विश्रांती देतो, सर्व्हिस रिसीव्हची, म्हणजे समोरची सर्व्हिस घेण्याची, नवीन मांडणी करून पाहतो. दुसरीकडे, ज्याचं सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललंय त्याला काही बदलायची गरजच पडत नाही. साखळी तुमच्या पहिल्या पर्यायाची परीक्षा घेते. बाद फेरीत समोरचा संघ तो पहिला पर्याय बंद करूनच मैदानात उतरतो, आणि मग तुमच्याकडे दुसरं काय आहे यावर सामना ठरतो. माझ्या सगळ्या उत्तराचं सार एवढंच आहे. पुढचं लिखाण हे प्रत्यक्ष कसं घडतं त्याबद्दल.

बाद फेरीपर्यंत कुणाचं काहीच गुपित राहिलेलं नसतं. प्रत्येक संघाचा स्टॅटिस्टिशियन प्रत्येक चेंडूची नोंद करतो: सर्व्हिस कुठून कुठे, पास (सर्व्हिस घेऊन सेटरकडे दिलेला पहिला चेंडू) कसा, सेटरने (स्मॅशसाठी चेंडू उभा करून देणाऱ्याने) कुणाला दिला, स्मॅश कुठे पडला. मग प्रश्न विचारता येतात. यांचा सेटर पुढच्या रांगेत असताना परफेक्ट पासवर चेंडू कुणाला जातो? २०च्या पुढे गुण गेल्यावर हा अपोझिट, म्हणजे सेटरच्या विरुद्ध जागेवरचा मुख्य स्मॅशर, लाइन (बाजूच्या रेषेलगत) मारतो की क्रॉस (तिरका)? रॅली लांबली की सेटर कुणाला शोधतो? साखळीत दर दिवसाआड नवा प्रतिस्पर्धी असतो, तयारीला वेळ तुटपुंजा. बाद फेरीत एकाच संघाच्या पाच-सात सामन्यांचा साठा हातात असतो. मी अशा रात्री काढल्या आहेत जेव्हा पहाटे तीनला समोरच्या सेटरच्या पुढच्या निर्णयाचा अंदाज मला व्हिडिओ थांबवून बांधता येत होता. दुसऱ्या दिवशी आमचे ब्लॉकर, म्हणजे जाळीवर स्मॅश अडवणारे, त्याच अंदाजाने उडाले.

म्हणून सगळ्यात आधी सर्व्हिस बघा. पास अचूक आला, म्हणजे सेटर जाळीजवळ उभ्या उभ्या चेंडू देऊ शकला, तर वरच्या दर्जाच्या संघाला थांबवणं फार कठीण. जाळीच्या मध्यभागी खेळणारा मिडल ब्लॉकर आधीच हवेत असतो, दोन्ही कोपरे मोकळे, मागच्या रांगेतून मधोमध मारायचा स्मॅश (पाइप) तयार, आणि ब्लॉकला एकाच्या जोडीला दुसरा पोहोचेपर्यंत चेंडू जमिनीवर. पुरुषांच्या खेळात सर्व्हिस रिसीव्ह करणारा संघ साधारण तीनपैकी दोन गुण घेतो. याला उत्तर एकच: पास फोडा. जंप सर्व्हिस ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जाते तेव्हा रिसीव्ह करणाऱ्याच्या हातात जेमतेम अर्धा सेकंद असतो. त्यात काही सर्व्हिस जाळीत जातात, काही बाहेर. बघणारे वैतागतात की एवढ्या मोठ्या सामन्यात हे चेंडू वाया का घालवतात. ते चेंडू हिशेबातले असतात. हलकी सर्व्हिस आत टाकली तर गुण तसाही जाणारच आहे, फक्त दोन सेकंद उशिरा.

खरी कसोटी २३-२३ला लागते. तिथे हात आपोआप हलका होतो. मागून कुणी ‘सर्व्हिस आत टाक’ असं ओरडलं की मला आजही अस्वस्थ वाटतं, कारण त्या ओरडण्याने समोरच्याला परफेक्ट पास बहाल केला जातो. ज्याच्यात जोरात मारायचं धैर्य नसेल त्याच्याकडे दुसरी सर्व्हिस हवी: दोन रिसीव्हरच्या मधल्या फटीत जाणारी फ्लोट (फिरकीविना, हवेत डगमगत येणारी), किंवा तीन मीटरच्या रेषेजवळ पडणारी आखूड, जिने पुढचा मिडल ब्लॉकर वाकतो आणि त्याच्या उडीची लय बिघडते. मोठ्या हॉलमध्ये फ्लोट सर्व्हिसचा त्रास आणखी वाढतो. छत उंच, मागे भिंतीऐवजी प्रेक्षकांचा गडद पसारा, त्यामुळे चेंडूची खोली पटकन कळत नाही.

आता पास फुटल्यावर काय होतं ते जवळून बघू, कारण माझ्या मते बाद फेरी इथेच जिंकली जाते.

समजा २३-२४ आहे. सर्व्हिस एका रिसीव्हरच्या डाव्या खांद्यावर आली, चेंडू उडून जाळीपासून पाच मीटर मागे गेला. सेटर पळतोय पण पोहोचणार नाही. दुसरा एखादा खेळाडू, बहुतेक वेळा लिबेरो (मागच्या रांगेतला बचावाचा खास खेळाडू), चेंडू उचलतो. लिबेरो असेल तर त्याला तीन मीटरच्या रेषेमागूनच बोटांनी सेट करायची मुभा आहे. पुढच्या भागात पाय असताना बोटांनी दिलेला चेंडू जाळीच्या वर असताना कुणी मारला तर तो फाउल. म्हणून तो रेषेमागून उडी घेऊन हवेतूनच देतो. चेंडू उंच, चार नंबरवर (जाळीच्या डाव्या टोकाला), जाळीपासून थोडा दूर. हा चेंडू कुठे जाणार हे हॉलमधल्या प्रत्येकाला दिसतंय. समोर तीन ब्लॉकर रांगेत येऊन थांबलेत.

स्मॅशरने काय करावं? साखळीत तो पूर्ण ताकदीने मारतो. लागला तर टाळ्या, अडला तर पुढच्या चेंडूला बघू. अंतिम सामन्यातला मुरलेला खेळाडू आधी ब्लॉकचे हात बघतो. बाहेरच्या ब्लॉकरचा हात अँटेनाकडे (जाळीच्या टोकाच्या काठीकडे) उघडा असेल तर त्या हातावर घासून चेंडू बाहेर. हात नीट बंद असतील तर तो चेंडू मुद्दाम हलका ब्लॉकवर टेकवतो, तो आपल्याच बाजूला परत येतो, कव्हरला वाकून बसलेला सहकारी उचलतो, आणि आता सेटर जाळीजवळ आलेला असतो. फुटलेल्या पासमधून संघाने नवीन, चांगला पास स्वतःच तयार केला. याला गुण मिळत नाहीत, स्कोअरबोर्ड हलत नाही, समालोचकही क्वचित बोलतात. मी मात्र दोन संघांची तुलना करताना सगळ्यात आधी हेच मोजतो: वाईट चेंडूवर कोण चूक न करता दुसरी संधी उभी करतो. फ्रान्सच्या टोकियोतल्या संघाचं हेच बलस्थान होतं. जेनिया ग्रेबेनिकोव्हसारखा लिबेरो आणि एरविन एनगापेथसारखा, कुठल्याही कोनातून काहीतरी घडवणारा खेळाडू. त्यांचा पास फुटला तरी संघ विस्कटत नसे.

लंडन २०१२चा पुरुषांचा अंतिम सामना मी अनेकदा खेळाडूंना दाखवला आहे. ब्राझीलने पहिले दोन सेट २५-१९, २५-२० असे घेतले. रशियाचे प्रशिक्षक व्लादिमीर अलेक्नो यांनी तिसऱ्या सेटमध्ये एक अदलाबदल केली. दिमित्री मुसेर्स्की, उंची २ मीटर १८ सेंटिमीटर, मूळचा मिडल ब्लॉकर. त्याला अपोझिटवर आणलं. आणि नेहमीचा अपोझिट मॅक्सिम मिखाइलोव्ह गेला कोपऱ्यावरच्या स्मॅशरच्या जागी. मिडलची पहिल्या टेम्पोची, म्हणजे सगळ्यात जलद स्मॅशची, धार कमी झाली, शिवाय मिखाइलोव्हवर सर्व्हिस रिसीव्हचा भार पडला. म्हणजे अचूक पासवरचा रशियाचा खेळ कागदावर तरी कमजोरच झाला होता. तरीही हा निर्णय योग्य होता, कारण तोपर्यंत ब्राझीलच्या सर्व्हिसमुळे रशियाला अचूक पास पुरेसे मिळतच नव्हते. मिळत होते उंच, संथ, सगळ्यांना दिसणारे चेंडू. ते चेंडू मारायला आता अशी उंची उपलब्ध झाली जिच्या वर ब्लॉक पोहोचत नव्हता. ब्राझीलने तिसऱ्या सेटमध्ये दोन मॅच पॉइंट गमावले, सेट २९-२७ असा गेला, चौथा २५-२२, पाचवा १५-९. मुसेर्स्कीचे ३१ गुण झाले. ब्राझीलच्या तयारीत अपोझिटवरचा मुसेर्स्की नव्हता, आणि त्यांच्या बर्नार्डिन्होंसारख्या प्रशिक्षकालाही उरलेल्या सामन्यात त्याच्यावर उपाय सापडला नाही. त्या रशियन संघात ३६ वर्षांचा सर्गेई तेत्युखिन होता. एक रौप्य, दोन कांस्य आणि पाचवं ऑलिंपिक. त्याला सुवर्णपदक त्या दिवशी मिळालं.

ही चाल आयत्या वेळी सुचली असं वर्णन मी ऐकलं आहे. मला ते पटत नाही. सरावात कधीच न खेळलेली मांडणी ०-२ पिछाडीवर असताना कुणी उतरवत नाही; सहा रोटेशनमध्ये (सर्व्हिस परत मिळाली की खेळाडू एकेक जागा फिरतात, त्या सहा मांडण्यांत) कोण कुठे उभं राहणार यातच गोंधळ होईल आणि पोझिशनचे फाउल पडतील.

रोटेशनवरून एक अशी गोष्ट सांगतो जी टीव्हीवर जवळजवळ कधीच दाखवत नाहीत. प्रत्येक सेटआधी प्रशिक्षक लाइन-अप देतो: कोण कुठल्या क्रमांकावर सुरू करणार. एकदा दिली की सबस्टिट्यूशनशिवाय बदल नाही. यात एक डाव असतो. समोरचा सर्वोत्तम स्मॅशर पुढच्या रांगेत असेल त्या तीन रोटेशनमध्ये आपला सर्वोत्तम ब्लॉकर त्याच्यासमोर यावा, त्यांचा सेटर पुढे असून पुढे दोनच अटॅकर असतील तेव्हा आपली सगळ्यात घातक सर्व्हिस यावी, असं आपण जुळवायला बघतो. समोरचाही हेच करत असतो. तो गेल्या सेटसारखाच सुरू करेल की दोन घरं फिरवेल? माझ्या अनुभवात संघांच्या सवयी असतात, हरलेल्या सेटनंतर फिरवणारे प्रशिक्षक ओळखता येतात.

पाचव्या सेटमध्ये याचं महत्त्व वाढतं, आणि गणित साधं आहे. १५-१३ म्हणजे २८ रॅली. रिसीव्ह करणारा तीनपैकी दोन वेळा जिंकतो असं धरलं तर प्रत्येक संघ नऊ-दहा वेळा फिरतो. सहाचं एक चक्र पूर्ण होतं आणि दुसरं अर्ध्यात संपतं. म्हणजे ज्या तीन रोटेशननी तुम्ही सुरुवात करता ती दोनदा खेळली जातात, उरलेली एकदाच. तुमची लंगडी रोटेशन शेवटच्या तिनात ढकलता आली तर तिचा निम्मा त्रास वाचला. पाचवा सेट सुरू होताना पहिले तीन सर्व्हर कोण आहेत ते टिपून ठेवा. आठ गुणांवर बाजू बदलतात तोपर्यंत कुणाचा डाव जमला ते स्पष्ट दिसतं. पाचव्या सेटला लोक मनोबलाची लढाई म्हणतात. ती असतेच, पण तिचा बराचसा भाग त्या लाइन-अपमध्ये आधीच लिहिलेला असतो.

टाइम-आउटबद्दल मी स्वतः महागात शिकलो. एका वयोगटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना, चौथा सेट, २२-२३. मी टाइम-आउट घेतला. मिळतात तीस सेकंद. खेळाडू येऊन पाणी पिईपर्यंत त्यातले दहा गेलेले. उरलेल्या वीसमध्ये मी ब्लॉक कुठे लावायचा, सर्व्हिस कुणावर, त्यांचा अपोझिट काय करतोय, असं पाच गोष्टींचं बोललो. शिट्टी वाजली, सगळे वळले, आणि आमचा सेटर एक पाऊल मागे येऊन म्हणाला, ‘सर, पहिला बॉल कुणाला देऊ?’ मला त्याचं उत्तर द्यायला वेळ उरला नव्हता. त्याने गोंधळून मिडलला दिला, टेम्पो चुकला, चेंडू जाळीत. सेट गेला, सामनाही गेला. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून टाइम-आउटमध्ये दोनच वाक्यं बोलतो: पास चांगला आला तर चेंडू कुणाला, फुटला तर कुणाला. बेंचजवळचा मायक्रोफोन चालू असेल तेव्हा ऐका. चांगले प्रशिक्षक शेवटच्या गुणांत किती कमी बोलतात ते जाणवेल.

साखळीतल्या गणिताबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याचा परिणाम पुढे होतो. ३-० किंवा ३-१ने जिंकलं तर तीन गुण, ३-२ने जिंकलं तर दोन आणि हरणाऱ्याला एक. पण क्रमवारी ठरताना आधी किती सामने जिंकले ते बघतात, मग गुण, मग सेटचं गुणोत्तर. स्पर्धेची रचना नीट नसेल तर हरण्यात फायदा दिसू लागतो. २०१०च्या इटलीतल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ब्राझीलचे पुरुष बल्गेरियाकडून ०-३ हरले तेव्हा पुढचा सोपा गट मिळवायला हरले असं म्हणत अँकोनातल्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. ब्राझीलने ती स्पर्धा जिंकली, पण त्या सामन्याचा डाग मला आजही खुपतो. याच्या उलट, लंडन २०१२मध्ये अमेरिकेच्या महिलांचं गटातलं पहिलं स्थान पक्कं झालेलं असतानाही त्यांनी तुर्कीला सरळ हरवलं. त्या हरल्या असत्या तर ब्राझील गटातच बाद झाला असता. ब्राझील वाचला आणि अंतिम सामन्यात त्याच अमेरिकेला ३-१ हरवून सुवर्णपदक घेऊन गेला. अमेरिकेचं नुकसान झालं, तरी मी खेळाडूंना उदाहरण त्यांचंच देतो. पॅरिस २०२४मध्ये चार-चारचे तीन गट आणि बाद फेरीआधी आठही संघांची एकत्रित क्रमवारी अशी रचना होती. पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा. तिच्यात अशा हिशेबाला वाव कमी राहतो.

मग नशिबाचा भाग किती? आहे. रिओतल्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात पाचव्या सेटचा फरक दोनच गुणांचा होता, आणि दोन गुण इकडे-तिकडे व्हायला जाळीच्या पट्टीला लागलेला एक चेंडू पुरतो. पॅरिसमध्ये फ्रान्स जर्मनीविरुद्ध ०-२ मागे होता, पाचवा सेट १५-१३ असा सुटला, आणि पाच दिवसांनी त्याच संघाने अंतिम सामन्यात पोलंडला ३-० हरवलं. पण १५-१३ पर्यंत सामना खेचून नेणं नशिबाने होत नाही. पहिला सेट १५-२५ असा गमावलेला चीन दुसऱ्या सेटमध्ये त्याच खेळावर अडून राहिला असता तर पाचवा सेट झालाच नसता.

पुढचा अंतिम सामना बघाल तेव्हा पहिल्या सेटमध्ये चेंडूमागे धावू नका. रेफ्रीची शिट्टी आणि सर्व्हिस यांच्यामध्ये जास्तीत जास्त आठ सेकंद असतात. त्यात रिसीव्ह करणाऱ्या संघाचे पाय बघा. तीन रिसीव्हर कुठे उभे आहेत, त्यातला कोण लिबेरोकडे सरकून स्वतःची जागा लहान करतोय, कुणाला झाकलं जातंय. समोरचा सर्व्हर नेमका त्यालाच शोधतोय का ते पाहा. आणि तो शोधत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या सर्व्हिसनंतर बेंचवरून कोण वॉर्म-अप जॅकेट काढतंय तिकडे नजर टाका.